साहेब म्हणाले, हात जोडा

ओपीडी पेशंटनं भरलेली. दवाखान्याचे प्रमुख, आमचे साहेब, आत आले अन् मला म्हणाले, "म्याडम, उठा. हात जोडा यांना."

समोर गावातल्या बड्या घरचा माणूस. आदल्या दिवशी त्याच्या वडिलांना दवाखान्यात आणलं ते अर्धा दिवस छातीचं दुखणं घरीच काढल्यावर. हात गळून जाईपर्यंत मी त्यांची छाती दाबत राहिले. वाचले नाहीत. आता त्यानं माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढून फरशीवर फेकला होता.

"असल्या हाताला यश कुठून येणार?"

असल्या म्हणजे कसल्या, ते तो बोलला नाही. सगळ्यांना कळलं. ताडकळसकडच्या आमच्या बौद्ध वस्तीतली मी पहिली डॉक्टर.

मी उठले. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. मी हात जोडले. मग पुढचा पेशंट तपासला.

त्यानंतर घास उतरेना. ड्युटी संपली की क्वार्टरची कडी लावून बसायची. आईचा फोन यायचा, जेवलीस का बाई? मी हो म्हणायची. वस्तीतल्या पोरी माझ्याकडं बघून शिकायल्यात, आईला काय सांगणार? एकदा औषधाच्या कपाटासमोर बराच वेळ नुसती उभी राहिले. मला माझीच भीती वाटली.

एसटीनं परभणीला गेले, मनाच्या डॉक्टरकडं. डॉक्टरबाईंनी विचारलं, हे घरी कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, कुणालाच नाही. अन् रडू फुटलं.

उपचारासाठी आठवड्याला अर्धा दिवस सुट्टी मागितली. साहेबांनी ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काढलं. "आमच्या म्याडम वेड्यांच्या डॉक्टरकडं जायल्यात. कोट्यातनं आल्यावर झेपत नसतं."

सगळे हसले. शेजारचा डॉक्टरही हसला. ड्युटीनंतर तो गाडीत बसून रडत असताना मी पाहिलं होतं.

मी उभी राहिले.

"हो, जाते. जगायचंय म्हणून जाते. माझ्यावर हात टाकणाऱ्याला तुमी खुर्ची दिली, अन् मला हात जोडायला लावले. लाज मला न्हाई, तुमाला वाटायला पाहिजे."

मीटिंग सोडून मी बाहेर पडले.

दुपारी एकटीच पोलीस ठाण्यात गेले. त्या माणसावर अन् साहेबांवर तक्रार दिली, जातीच्या बोलण्यासकट. जमादार समजूत घालत राहिला, नोकरीचं बघा म्हणाला. तक्रार घेईपर्यंत मी बाकावरून उठले नाही.

आता जेवायच्या सुट्टीत माझ्याजवळ कुणी बसत नाही. बोलणं कामापुरतं. गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी ओपीडी उघडते. तक्रार मागं घ्या, नाहीतर बदली होईल, असे निरोप येतात. करा म्हटलं बदली. तिथनं कोर्टाच्या तारखेला येईन.

तक्रार मागं घेणार नाही. डॉक्टरकी सोडणार नाही. मरणार तर नाहीच.