शेजूळ सुभेदारांच्या जर्सी

शेजूळ सुभेदारांकडे जर्सी घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडलेलं मी कधी पाहिलं नाही. आधी ते माप विचारायचे, मग चष्मा शोधायचे, मग म्हणायचे, "तुमचं माप आतल्या खोलीत हाय. बसा, तवर च्या टाकतो." कुणी घाई केलीच तर, "दमानं. गाडी कुठं सुटायलीय?" वास्तविक सगळ्या जर्सी मापाप्रमाणे समोरच्याच कपाटात रचलेल्या होत्या. फौजेत उमर घालवलेल्या माणसाच्या घरात वस्तू हरवते कुठली! मी शेजारी राहत असल्यामुळे मला हे ठाऊक होतं.

गारखेड्यातल्या आमच्या कबड्डी मंडळाला खेळासाठी मॅट घ्यायची होती. म्हणून पोरांनी टूम काढली, की सुभेदारांच्या नावाची जर्सी छापायची आणि स्पर्धेच्या निमित्तानं विकायची. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो आणि विरोध करायला मला फारसं कारण लागत नसे. इथं तर चांगलं सणसणीत कारण होतं. "या माणसानं लढाईत डोंगरावर गोळी झेलली ती काय तुमच्या मॅटसाठी? शौर्याचा बाजार मांडू नका," असं मी भर सभेत सुनावलं. पोरांनी हिशोबाची वही मिटली. मी खूश झालो.

मागच्या खुर्चीवरून सुभेदार उठले. गोळी लागलेला पाय उठताना जरा उशिरा सरळ व्हायचा. "सर, तुमचं खरं हाय," ते म्हणाले, "पन बाजार भरला की मानसं येतात. भरू द्या की." आणि एकच अट घातली. जर्सी विकायच्या त्या त्यांच्या घरून. आपल्या नावाचा मान राहावा म्हणून म्हणत असतील, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. त्याचा रविवारी फोन यायचा, तोही गाडी चालवता चालवता. खुलताबादकडची शेती चुलतभाऊ बघायचा. एरवी त्या घरात दुधाच्या पिशवीशिवाय कुणी येत नसे. जर्सी आल्या आणि दारात चपलांची गर्दी झाली. मुकुंदवाडीहून कबड्डी खेळणाऱ्या मुली आल्या, त्यांचे बाप आले. लोक लढाईचं ऐकायला आतुर असत. एकानं तर सरळ विचारलं, "सुभेदारसाहेब, किती मारले?" सुभेदार म्हणाले, "थंडी लई होती. तुमच्या आईचं गुडघं कसं हाय आता?" लढाईबद्दल यापेक्षा जास्त मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. गुडघ्याबद्दल मात्र ते बराच वेळ बोलले.

स्पर्धा संपली, मॅट आली आणि गिऱ्हाईक आटलं. पुढच्या सभेत खजिनदारानं सांगितलं, की जर्सी एकूण एक विकल्या गेल्या. मी चमकलो. सुभेदारांच्या फाटकाला 'जर्सी मिळतील' ही पाटी सकाळीच पाहिली होती. खजिनदार म्हणाला, "उरलेल्या सगळ्या सुभेदारांनीच घेतल्या की सर. गावाकडं वाटायच्यात म्हनले." वाटल्या कुठल्या? सगळ्या त्या कपाटातच होत्या. एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होतो आम्ही.

त्याच संध्याकाळी मी गेलो. "एक जर्सी द्या," म्हणालो.

"तुम्हाला? तुम्हाला तर पटत नव्हतं."

"अजूनही पटत नाही."

"व्हय का," ते हसले. "शोधावी लागंल. बसा."

मग मी वरचेवर जाऊ लागलो. कधी पुतण्यासाठी जर्सी घेतली, कधी भाच्यासाठी. ते सगळे संपल्यावर मापं बदलून घेऊ लागलो. मोठी झाली म्हणून परत करायची, दोन दिवसांनी लहान झाली म्हणून परत करायची. सुभेदार चेहऱ्यावरची रेषही हलू न देता म्हणत, "तुमचं अंग लई बेभरवशाचं हाय, सर," आणि आधण ठेवत. चहा भयंकर गोड असायचा. गप्पा तरी कसल्या, पाणी किती दिवसांनी आलं आणि भाजी काय केली. मी एकदा गावाला जाऊन आलो, तर ते फाटकाशीच उभे होते. "एवढे दिवस कुठं होता? तुमचं माप काढून ठेवलंय."

थंडीत एका पहाटे सुभेदार झोपेतच गेले. मुलगा आला. सगळं आटोपल्यावर घर आवरताना त्यानं मला हाक मारली. कपाट उघडं होतं आणि तो त्या गठ्ठ्यांकडं बघत होता.

"सर, आप्पांनी दुकान काढलं होतं का? मला फोनवर कधी बोलले नाहीत."

"काढलं होतं," मी म्हणालो.

"चालायचं का?"

"चालायचं की. संध्याकाळी गिऱ्हाईक असायचं."