पत्रवहीतला होकार

फेमीमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर तिनं रामापो नदीकाठचं घर सोडलं नाही आणि हंस पाळणंही सोडलं नाही. त्यातला थोरला नर येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर फिसकारत धावायचा, म्हणून मावशीनं त्याचं नाव ठेवलं पाद्री. हे आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांच्याही कानावर गेलं होतं.

इंग्लंडच्या राजाशी आमच्या वसाहतींची स्वातंत्र्याची लढाई चालू होती. त्या हिवाळ्यात फौजेनं गावाबाहेर तळ ठोकला आणि जनरलसाहेब मावशीच्या पुढच्या खोलीत राहायला आले. तलवार खुंटीला अडकवली आणि लिहायला बसले. सैनिकांच्या पायात बूट नव्हते, पोटात धड काही नव्हतं, आणि साहेबांच्या हातात फिलाडेल्फियातल्या पुढाऱ्यांना पत्रं धाडणं एवढंच होतं. साहेब येरझाऱ्या घालत सांगायचे, चिटणीस जोथम पीबडी लिहायचा आणि मग त्याची नक्कल जाड पत्रवहीत उतरवायचा. लेखण्या भराभर झिजायच्या. नव्या व्हायच्या त्या मावशीच्या हंसांच्या पिसांच्या.

जोथम उत्तरेकडचा शाळामास्तर. उंच, हडकुळा, बोलायला लागला की कानापर्यंत लाल. पिसं मागायला अंगणात आला की पाद्री त्याची पोटरी धरायचा.

"बाई, आवरा हो याला!"

"त्याचं काय चुकलं? तुमचे केस कुणी असे उपटले तर तुम्ही काय त्याला जेवायला बोलवाल?"

"साहेबांचं पत्र अडलंय."

"कालच तर गेलं एक."

"ते बुटांचं होतं."

"आणि आजचं?"

"तेही बुटांचंच. पण आज साहेब चिडलेत."

मावशी खो खो हसली आणि तिनं त्याच्या हातावर दोन गरम ओलीकूक ठेवले. तळलेले ते गोड गोळे खाताना जोथमचं तोंड भाजलं, पण त्यानं ते कबूल केलं नाही. पुढे उपाशी शिपायांचा डोळा हंसांवर गेला, तेव्हा यानंच साहेबांची सही घेऊन हुकूम काढला: या हंसांना कुणी हात लावायचा नाही. मावशीनं त्याबद्दल आभार मानले, तर हा पठ्ठ्या दारावर डोकं आपटून पळाला.

एवढी पत्रं लिहिणाऱ्या माणसाला मावशीसमोर चार शब्द जुळवता येईनात. शेवटी त्यानं पत्रच लिहिलं आणि तिच्या खिडकीत ठेवलं. आता आम्ही पडलो मूळचे डच; मावशीला आमच्या डच बायबलची अक्षरं लागत, पण इंग्रजी फक्त बोलण्यापुरती. तिला वाटलं, पिसांची नवी मागणी. ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, बास झालं! माझे हंस थंडीनं कुडकुडतायत. वाचा, आणखी किती पिसं हवीत ती!"

कोपऱ्यात बसलेल्या जोथमच्या हातून शाईची दौत कलंडली. तो काही बोलणार तोवर साहेब खड्या आवाजात वाचायला लागले.

"'अत्यंत नम्रपणे निवेदन करतो, की माझी स्थिती दिवसेंदिवस हलाखीची होत आहे. त्वरित मदत न मिळाल्यास हा हिवाळा निभावणं अशक्य...' पीबडी, ही तर माझी वाक्यं!"

"हो साहेब," जोथम पुटपुटला. "दुसरी सुचलीच नाहीत."

"'तरी आपण माझ्याशी विवाह करावा, ही विनंती.'" साहेबांनी चष्मा काढला. "बाई, हे पिसांबद्दल नाहीये."

"कळलं. कान आहेत मला." मावशी खुर्चीत बसली. मग जोथमकडे वळली. "उत्तर लिहायचंय. पण यानं तर शाई सांडून ठेवलीय."

साहेबांनी स्वतः लेखणी घेतली. "सांगा."

"लिहा, माणूस बरा आहे. ऐकून घेतो. पाद्रीशी जुळवून घ्यावं लागेल. आणि यापुढे काय बोलायचं ते तोंडानं बोलायचं."

"यात होकार कुठे आला?"

"तो शेवटी घाला की. सगळं मीच सांगू?"

साहेबांनी घातला आणि कागद जोथमपुढे सरकवला. "नियम म्हणजे नियम, पीबडी. नक्कल वहीत उतरव."

जोथमनं ती, फौजेला पीठ मिळत नसल्याच्या तक्रारीखाली, उतरवली. त्या पानावर शाईचे डाग फार आहेत.

"अख्ख्या हिवाळ्यात या खोलीतल्या पत्राला आलेला हा पहिला होकार," साहेब म्हणाले, "आणि तोही मला नाही!"

लग्न एप्रिलमध्ये झालं. बूट आले मे महिन्यात, फौज निघायच्या आदल्या दिवशी. जोथमकाका फौजेबरोबर गेला आणि लढाई संपल्यावर धडधाकट परत आला. मग त्यानं गावात शाळा काढली. मावशी विणकाम घेऊन मागच्या बाकावर बसायची आणि पोरांबरोबर इंग्रजी गिरवायची. घरात काका आजही कमीच बोलतो. त्याच्या वाटणीचंही मावशीच बोलते.