साहेबांचा तितर

अभनपूरहून रायपूरला येणाऱ्या बसमध्ये साहेबांचा तितर बंगल्यावर परत पोचवायला निघालेला एक गावकरी दर सोमवारी माझ्या शेजारी बसायचा. मांडीवर कापडाने झाकलेला पिंजरा आणि आत पाळलेला तितर. हा ओरडला की रानातले तितर भांडायला धावून येतात आणि झुडपामागचे साहेब बंदूक चालवतात, हे त्यानेच मला सांगितलं. बोलताना तो बाळाचं दुपटं सारखं करावं तसं कापड सारखं करायचा.

माझी नोकरी सरकारी, त्यामुळे नियम विचारायची खोड. म्हटलं, "शिकारीले तर बंदी आहे न?"

"हव भैया. म्हणून तर रविवारी येतात. बंदी पाहणाऱ्या साहेबाले सुट्टी राहते, मग तेही संग येतात."

"अन् गावाले काय फायदा?"

"बहुत फायदा. साहेब रिकाम्या हातानं घरी कसे जातील? आमच्या कोंबड्या विकल्या जातात. नुकसान एवढंच, का पहिले तितर धानातले किडे खायचे. आता आमी दवा मारून राहिलो."

"म्हणजे रानात तितर उरलेच नाहीत?"

त्याने कापडाखाली हात घालून चार दाणे टाकले.

"पहिले याच्या आवाजाले तितर यायचे. आता साहेबच येतात."