डब्यातला ॲम्प्लिफायर

ॲम्प्लिफायर जेवणाच्या डब्यातून आणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याचं तोंड दिसलं की माझं डोकं फिरायचं. वारणानगरला कॉलेजात शिकवायचे. दुकानात आम्ही त्यांना डबेवाले सर म्हणायचो. शनिवारी एसटीनं कोल्हापूरला यायचे, स्टीलचा डबा माझ्या काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, ऐकणार का?"

"भाकरी असंल तर उघडा. न्हायतर ठेवा पिशवीत."

आत तळहाताएवढी क्लास डीची पट्टी, म्हणजे न तापणारा, हलका, नव्या जातीचा ॲम्प्लिफायर. मी चौथीत शाळा सोडली, पण माझ्या हातची ॲम्प्लिफायरची मशीनं पार जयसिंगपूरपर्यंत घराघरांत वाजत होती. उचलताना माणूस कण्हायचा, असा ट्रान्सफॉर्मर. चार ओहमचा स्पीकर आठवाल्याच्या दुप्पट करंट ओढतो. तिथं वजनच पाहिजे, हे माझं मत. सर माझ्या मशीनवर हात ठेवून गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "मिस्त्री, यातली निम्मी वीज नुसता हात शेकायला जाते." तेही हळू आवाजात. मग मलाच दोघांचं ओरडावं लागायचं.

एकदा गडहिंग्लजचे एक कापड व्यापारी नव्या घरासाठी घेतलेले चार ओहमचे स्पीकर घेऊन आले. सर होतेच. मी म्हणालो, "पावणं, दोन्ही वाजवून बघा. टिकंल ते न्या." सगळ्या जन्माचं नाव मी त्या डब्यासमोर पणाला लावलं होतं.

जोडणी मी केली, आमच्याकडं सगळे करतात तशी. दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी पिळून एक, म्हणजे तीन वायरींत काम. माझं मशीन दणक्यात वाजलं. मग त्याच वायरी डब्याला लावल्या. डबा टक् करून गप्प. पुन्हा चालू केला, पुन्हा गप्प.

"मेलं की ओ!" पावणं हसले.

"चार ओहम बघून फेफरं आलं त्येला," मी म्हणालो.

सर वाकले. पिळलेल्या वायरी बघितल्या, मग माझ्याकडं बघितलं. सरांच्या त्या मशीनात काळ्या टोकालाही करंट असतो, दोन काळी टोकं एकत्र आली की ते स्वतःला बंद करून घेतं, हे मला ठाऊक नव्हतं. सरांनी पीळ सोडवला, चौथी वायर ओढली. पावण्यांना म्हणाले, "वायर सैल होती." मग डबा मोठ्या आवाजात वाजत राहिला. हात लावला तर नुसता कोमट.

पावण्यांनी दोन्ही उचलून बघितली आणि माझंच मशीन नेलं. "ह्ये जड हाय. घरात दिसाया पायजे की!"

ते गेल्यावर मी तुटून पडलो. "माझी वायर सैल? मिस्त्री चुकला म्हणून तोंडावर सांगायचं की! माझी अब्रू राखायला तुम्ही कोण?"

सर डब्याला झाकण लावत होते. "गिऱ्हाईक तुमचंच, मिस्त्री. तुम्ही एकदा चांगलं म्हणावं, एवढंच पाहिजे होतं."

"न्हाय म्हणत."

"बरं. शनिवारी येतो."

असे किती शनिवार आले न् गेले. मी एकदाही चांगलं म्हणालो नाही. मग रिटायर होऊन ते मुलाकडं पुण्याला गेले आणि तिकडंच वारले.

आता बाजार सरांच्या डब्यातल्याच जातीच्या मशीनांनी भरलाय. गिऱ्हाईक विचारतं, "आण्णा, चार ओहमला चालंल न्हवं?" मी म्हणतो, "चांगलं हाय. न्हे."

आता कुणालाही म्हणतो. जायची एवढी कसली घाई झाली होती त्या आगाऊ माणसाला!