हमीदभाईंचा बॅज

पौषातल्या सकाळी सेलूच्या हवेला सरकीचा वास असतो. जिनिंगमधून सुटलेली कापसाची तुसं उन्हात तरंगत येतात, कडुनिंबाच्या पानांवर, वाळत घातलेल्या धुण्यावर अलगद टेकतात, आणि तेलकट, उबदार, किंचित भाजल्यासारखा तो गंध अंगणभर रेंगाळत राहतो. अशाच एका सकाळी समोरच्या घरातले हमीदभाई माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. सेलू-पाथरी रस्त्यावर प्रवासी जीप चालवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मी मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"बाई, मला मराठी वाचायला शिकवा," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. या माणसाच्या तोंडी मराठी अशी सहज वाहते की प्रवासी खास गप्पांसाठी त्यांच्या शेजारची जागा धरतात.

"बोलायचं म्हणलं तर मला कुनी हरवनार न्हाई. पर मी शिकलो उर्दू शाळंत. पाटीवरचं 'पाथरी' मी चेहऱ्यावरून ओळखतो बाई, अक्षरावरून न्हाई."

मग हळूहळू सारं कळलं. त्यांच्या नसरीनला पुण्याला नर्सिंगचं शिक्षण घ्यायचं होतं. मुलीला एकटीला धाडायला आईचं मन धजत नव्हतं आणि तिचं शिक्षण अडवायला बापाचं. म्हणून जीप विकून सगळं घरच पुण्याला हलवायचं आणि तिथे टॅक्सी चालवायची, असं ठरलं होतं. आमच्याकडे जीप भरली की सुटते, एवढाच काय तो कायदा. पण मोठ्या शहराची टॅक्सी ही निराळीच सृष्टी: गाडी चालवण्याचा परवाना असून भागत नाही, छातीवर लावायचा बॅज मिळवावा लागतो, त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते, गाडीची तपासणी होते, मीटरला सील लागतं, आणि चालकाला तिथली भाषा बोलता-वाचता येते की नाही, हेही साहेब समोर बसवून पाहतात. हमीदभाईंची गाडी या शेवटच्या वळणावर अडली होती.

आमच्या घरात अक्षर आलं ते माझ्या वडिलांच्या पिढीत. त्याआधीच्यांना ते कुणी मागू दिलं नव्हतं. म्हणून असेल, पण अक्षर मागायला दारी आलेल्या माणसाला उद्या या म्हणणं मला जमलं नाही. त्याच सकाळी आम्ही सुरुवात केली.

पाटीवर शब्द लिहिला की त्यांचं बोट उर्दूच्या सवयीनं उजव्या कडेला जाई आणि मग स्वतःशीच हसून डावीकडे परते. ऱ्हस्व वेलांटीवर त्यांचा विशेष राग. "लिव्हायची आधी आन् बोलायची मागनं, हा कोनता कायदा?" असं विचारून ते माझ्याकडे न्यायासाठी पाहत. एकदा मी त्यांच्या 'हाय'चं 'आहे' आणि 'जायलाय'चं 'जात आहे' करू पाहिलं. तर हा गप्पिष्ट माणूस शब्द तोलून बोलू लागला, आणि थोड्या वेळानं बोलेचना. मी तो नाद सोडला. मात्र परीक्षेच्या दिवशी साहेबांना हे बोलणं रुचेल का, ही धास्ती माझ्या मनात राहिली. बॅज हुकला तर जीप विकायची नाही, आणि जीप विकली नाही तर नसरीननं थांबायचं, असं त्यांच्या घरात न बोलता ठरलेलं होतं.

चैत्रात त्यांना बोलावणं आलं. माझी बहीण पुण्यात असते, त्या निमित्तानं मीही बापलेकींबरोबर गेले. परिवहन कार्यालयाच्या आवारात करंजाला नवी पालवी फुटली होती. तिच्यातून गाळून येणारा हिरवट प्रकाश ओसरीतल्या बाकावर पडला होता, आणि त्या बाकावर नसरीन नि मी बसलो होतो. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. साहेबांनी एक मजकूर पुढे केला आणि हमीदभाईंचा आवाज येऊ लागला; खडीच्या रस्त्यावरून भरलेली जीप चालवावी तसा, सावकाश, प्रत्येक खड्डा ओळखून. 'प्रवाशांच्या' नीट पार पडलं. 'सुरक्षिततेची' या शब्दापाशी आवाज थांबला. माझे ओठ आपोआप हलले. नसरीननं माझा हात घट्ट धरला. आत पंखा तेवढा कुरकुरत होता. मग त्यांनी शब्द पहिल्यापासून पुन्हा हातात घेतला, 'क्ष' ओलांडला, आणि वाक्य शेवटाला नेलं.

"बरं, गाडीत वयस्कर बाई बसल्यात, घाईत आहेत, पुढं रस्ता बंद आहे. काय सांगाल त्यांना?" साहेबांनी विचारलं.

"म्हनंन, मावशी, रस्ता बंद हाय, जरा फेऱ्यानं जावं लागंल. पर घाबरू नका, तुमाला दारात उतरवल्याबिगर मी काय जात न्हाई."

मग साहेबांचा आवाज आला, "मराठवाड्यातले का?"

"हां साहेब. सेलू, जिल्हा परभणी."

"झालं तुमचं. पडताळणी आली की बॅज घेऊन जा."

हमीदभाई बाहेर आले. नसरीननं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आम्ही बहिणीच्या घराकडे पायीच निघालो. वाटेत त्यांना कंठ फुटला. पोळी-भाजी केंद्र, चष्म्याचं दुकान, दंतवैद्य, शिवणवर्ग, दिसेल ती पाटी ते मोठ्यानं वाचू लागले. येणारेजाणारे वळून पाहत. "अब्बा, बस करो ना," नसरीन संकोचून म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला होता. मी मागून ऐकत चालले होते. आयुष्यभर मी पुष्कळ मुलांना अक्षरओळख करून दिली. पण कुणी एखादं अख्खं शहर असं पाटीपाटीनं आत घेताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

एका बंगल्याच्या फाटकापाशी ते थांबले. 'येथे वाहन उभे करू नये.' वाचून झाल्यावर ते पुन्हा एकदा, मनातल्या मनात, ती ओळ वाचत राहिले.

"असल्या किती पाट्यांखाली जीप लावली असंल मी," ते हळूच म्हणाले. "आता बहाना न्हाई उरला, बाई."

ते हसत होते, पण पाऊल उचलत नव्हते. नसरीन थोडी पुढे जाऊन आमची वाट पाहत उभी राहिली. मला वाटलं, एखादं शहर आपल्याला कधी आपलं म्हणतं? बॅज छातीवर लागतो तेव्हा, की त्या शहराची मनाईही आपल्याला उद्देशून लिहिलेली आहे असं प्रथम वाटतं तेव्हा? हमीदभाई त्या फाटकापासून जरासे बाजूला सरकले, जणू तिथे उभं न राहण्याचा नियम माणसांनाही लागू असावा, आणि मग आम्ही चालू लागलो.