लॉटमधला देव्हारा

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा गावात कचेऱ्या आधी आल्या, खोल्या मागून. त्यात पावसाने तोंड फिरवलं. ज्याच्या घरी आड आणि आडाला पाणी, तो घरमालक राजा. उमरीची सिंधु सूर्यवंशी बी.ए. होऊन अशाच एका नव्या कचेरीत कारकून लागली, तेव्हा तिने भाड्याच्या आधी पाणी विचारलं. उमाबाईंच्या मागच्या खोलीला पाणी होतं आणि भाडंही झेपणारं होतं. अडचण एवढीच, की उमाबाई पक्कं काही बोलेनात. एकटी बाई, एक ट्रंक, एक वळकटी. अशी भाडेकरीण उद्या उठून गेली तर कुणाच्या नावाने बोंबलायचं? आधी सामान आण, मग बघू, म्हणाल्या. आडनाव त्यांनी विचारून घेतलं होतं. पण सूर्यवंशी मराठ्यांत असतात तसे बौद्धांतही असतात. पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि सिंधुने सांगितलं नाही.

गंजगोलाईच्या बाजारामागे दगडोबाचं जुन्या सामानाचं दुकान होतं. दुष्काळ त्याला फळला होता. पुण्याकडे निघालेली घरं जाताना सगळं त्याच्या अंगणात टाकून जात. सिंधुने लोखंडी पलंग पसंत केला, आणि एक टेबल. टेबलाचा एक पाय आखूड होता, पण ते दुखणं विटेने बरं होणारं होतं. दगडोबाने मात्र अट घातली. एका घरचा लॉट आहे, सोबत हा सागवानी देव्हाराही न्यावा लागेल.

"मला नको तो," सिंधु म्हणाली.

"कुणालाच नको असतो, ताई. दुसऱ्याचा देव्हारा कुणी घेत न्हाई, अन् फोडून चुलीत घालायला माझा हात होत न्हाई. देव त्यायनी नेले, घर राहिलं. फुकट समजा."

तीन कप्पे होते, लाकूड खणखणीत. तिखटामिठाच्या डब्यांची सोय झाली, असा हिशेब करून तिने मान डोलावली. हातगाडीवाल्याला डब्यांचं काय माहीत? त्याने देवाचं म्हणून देव्हारा सगळ्यांत वर बांधला आणि सावकाश ढकलत आणला.

उमाबाईंनी ओट्यावरून आधी तोच पाहिला. त्यांचा चेहरा सैल झाला. स्वतः उठून त्यांनी कुलूप काढलं, आड दाखवला, पोहरा कुठे टांगायचा ते सांगितलं. त्या दिवसापासून सिंधु आपल्या हाताने पाणी शेंदू लागली.

धूळ जाऊ नये म्हणून तिने देव्हाऱ्याला जुन्या लुगड्याचा पडदा लावला. उमाबाई दारावरून जाताना पडद्याकडे बघून हात जोडत. आत हळद, तिखट, मीठ आणि चहापत्ती. घंटी कधी ऐकू येत नाही ती, असं त्यांनी एकदा विचारलं. सकाळी कचेरीची घाई असते, असं सिंधुने सांगितलं. सांगितल्यावर दिवसभर तिला स्वतःचाच राग आला, पण पाणी रोज लागतं. ट्रंकेतली बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेतच राहिली.

उन्हाळ्यात गावची विहीर आटली तशी तिची आई, कोंडाबाई, राहायला आली. तिने खोलीभर नजर फिरवली, मग ट्रंक उघडली.

"बाबासाहेब ट्रंकेत, अन् देव्हारा भिंतीला?"

सिंधुने पडदा सारून डबे दाखवले.

"डबे तुला दिसतेत. बाहेरच्याला काय दिसतं?"

कोंडाबाई नवी नवरी होती तेव्हा तिच्या सासऱ्याने घरातले देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले होते. टोपली तिच्याच डोक्यावर होती. हे सगळं पुन्हा एकदा सांगत, वरवंट्याने खिळा ठोकून तिने तसबीर लावली. ठोकण्याच्या आवाजाने उमाबाई आल्या. हातात वाळवलेल्या पापडांचं ताट होतं. त्यांनी तसबीर पाहिली, उघड्या देव्हाऱ्यातली मिठाची बरणी पाहिली, आणि ताटासकट परत गेल्या.

संध्याकाळी त्यांनी सिंधुला ओट्यावर बोलावलं. आवाज चढवला नाही.

"माझं काही न्हाई बघ. पण गल्ली हाय, आमच्या सासूबाई हायेत. फोटो आत राहू दे. देव्हारा दारासमोर घे, पडदा असू दे. अन् आडावर तू येऊ नको, मी शेंदून घालीन तुझ्या घागरीत."

"इतके दिवस मीच शेंदत होते की."

"तवा मला ठावं नव्हतं."

सिंधु खोलीत आली तेव्हा दाराआडून सगळं ऐकलेल्या कोंडाबाईचा मघाचा जोर उतरलेला होता. माझ्यापायी खोली घालवू नको, ती म्हणाली. राहू दे देव्हारा, पाणी हाय इथं. सिंधुने घागर दाराशी काढून ठेवली. सकाळी आडावर गेली तर पोहरा जागेवर नव्हता. रिकामी घागर घेऊन ती तशीच रस्त्यावर निघाली आणि टँकरच्या रांगेत उभी राहिली. त्या दिवशी कचेरीत तिला उशीर झाला, बोलणी बसली. पुढेही बसत राहिली.

महिना संपता संपता स्टेशनापलीकडे पत्र्याची एक खोली मिळाली. आड नाही, नळ नाही. मालकाने आधीच सगळं विचारून घेतलं, तिने सांगितलं. हातगाडी भरली, पलंग चढला, टेबल चढलं. गाडी हलली तसा मागून उमाबाईंचा आवाज आला, अगं, देव्हारा राहिला.

"खोली त्यालाच दिली होती तुम्ही," सिंधु म्हणाली. "त्यालाच राहू द्या."

 गाडी खडखडत गल्लीबाहेर पडली. डबे कोंडाबाईच्या डोक्यावरच्या टोपलीत होते. एका हाताने टोपली आणि दुसऱ्या हाताने टेबल सावरत ती गाडीच्या बाजूने चालत होती.