दोन्हीकडचा एजंट

परवा मुलुंडच्या एका एजंटच्या ऑफिसात गवती चहाचा वास आला आणि मला आमचं जोगेश्वरीचं घर आठवलं. ते विकायला काढलं तेव्हा बाबा हॉस्पिटलात होते. एजंटची दोन टक्के दलाली मी भांडून एकावर आणली होती आणि त्याचा मला केवढा तोरा होता! तो गिऱ्हाईक घेऊन आला की आई त्याला असाच चहा द्यायची.

सौद्याच्या दिवशी मी माझ्या किमतीवर अडून बसलो. घर घेणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वडिलांचं ऑपरेशन सोमवारी आहे ना? मग कशाला ताणताय?"

मी एजंटकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तो त्यांच्याकडूनही दलाली घेत होता, आणि तीही पूर्ण दोन टक्के. ऑपरेशन टाळता येत नव्हतं, म्हणून त्यांच्याच भावात मी सही केली.

घरी येऊन मी आईवर ओरडलो, "त्याच्यापुढे तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं तुला? वाट लावलीस सगळी!"

आई बाबांच्या शर्टाची घडी घालत होती. तिने वर पाहिलं नाही. "रोज विचारायचा रे तो, मावशी, काका कसे आहेत म्हणून. दुसरं कोण विचारत होतं मला?"

त्या एजंटला मी अजून माफ केलेलं नाही. पण त्या महिन्यात मीही रोज संध्याकाळी कामावरून आईला फोन करायचो, आणि एकच विचारायचो, "आज गिऱ्हाईक आलं होतं का?"